आंदणात आलेला कॉम्प्युटर

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा तिच्या आंदणाचा टेम्पो पाहायला अख्खी गल्ली जमली होती. आमच्या रिठद गावात आंदण म्हणजे काय, हे तेव्हा ठरलेलं असे. आरशाचं लोखंडी कपाट, दिवाण, पितळेचा हंडा, स्टीलचे गंज, म्हणजे उभी पातेली, आणि डबे, आणि या सगळ्याच्या वर दोरीने आवळलेला टेबलफॅन. कारंज्याहून आलेल्या त्या टेम्पोतून मात्र उतरली ती खोकी. एक मोठं, एक त्याहून मोठं, बाकीची लहानसहान, सगळी सुतळीने बांधलेली आणि प्रत्येकावर निळ्या पेनाने लिहिलेलं, ‘उलटे ठेवू नये’. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी शेजारच्या गयाबाईला राहवलं नाही. "काय वो, पोरीच्या बापानं दुकान आंदन देल्लं काय?" वहिनी अजून हळदीच्या अंगाने होती, डोक्यावर पदर होता, तरी ती सरळ तिच्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "दुकान नाई मावशी, कॉम्प्युटर हाये. पन आजून जोडाचा हाये."

माझ्या मायने कपाटासाठी भिंत मोकळी करून ठेवली होती. धान्याची कोठी हलवून, सारवून, वर कॅलेंडरसुद्धा सरळ लावलं होतं. आमच्या घरात हुंडा घेत नसत. बाबांना त्याचा फार अभिमान होता आणि चारचौघांत ते तो बोलूनही दाखवत. पण आंदण ही पोरीच्या माहेरची हौस, त्यात आपण काय बोलायचं, असं मायचं म्हणणं. तिने मोकळ्या भिंतीशी खोकी एकावर एक रचली आणि त्यांवर जुनं लुगडं झाकलं. नंतर कधीतरी वहिनीनेच मला सांगितलं की तिच्या वडिलांनी कपाटाचं ठरवलं होतं, तिनेच नको म्हटलं. तिचे वडील कारंज्याच्या धान्यबाजारात मापारी होते. बारावीनंतर अकोल्याला मामाकडे राहून ती कॉम्प्युटर दुरुस्तीचं शिकली, मग कारंज्यातच एका टायपिंगच्या दुकानात कामाला लागली, आणि तिथल्या पगारातून एकेक सुटा भाग अकोल्याहून घेत गेली. लग्न ठरलं तेव्हा मोजके भाग राहिले होते. "बाबा, कपाटात ठेवाले माह्यापाशी हाये तरी काय? हे राह्यलेलं घेऊन द्या," असं ती म्हणाली, आणि त्या मापाऱ्याने ते ऐकलं. त्या माणसाला मी पुढे दोनचारदाच भेटले, पण त्यांनी त्या दिवशी पोरीचं ऐकलं याबद्दल मला त्यांच्याविषयी आजही आदर आहे.

तेव्हाचं आमचं घर डोळ्यांपुढे आणायचं तर मला आधी आवाज आठवतात. पहाटे बाबांचं बुद्धवंदनेचं संथ गुणगुणणं, त्याच सुमारास चुलीपुढे मायच्या हाताखालची भाकर, थप थप थप, आणि हापशीच्या दांड्याचं कुरकुरणं. नंतर चक्कीचं इंजिन सुरू व्हायचं आणि दिवसभर गावाच्या छातीत ठोका पडत राहायचा. उन्हाळ्याचे दिवस होते. समोरच्या खोलीवर टिनं होती आणि दुपारी ती तडतडायची. अंगणात बाजेवर कुरडया वाळत असत आणि त्यांची राखण माझ्याकडे. जेवायला बहुतेक कढी आणि तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके, नाहीतर आंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या, वरून लाल मिरचीचं तेल. वहिनीची भाकर जाड व्हायची, कडेला हमखास फुटायची. माय तिला काही म्हणायची नाही, फक्त तव्यावरची ती भाकर उलटवताना एक लांब श्वास सोडायची. बाबा ती पहिली मागून घेत. "कडक भाकर दातांले चांगली," म्हणत आणि खात.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ मिलिंद, पुण्याकडच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. गावातली आमच्या वयाची निम्मी पोरं तिकडेच होती. काही बारमाही, काही सोयाबीन निघालं की जाणारी. दादाने तिथे एक खोली पाहून ठेवली होती आणि सुट्टी संपली की वहिनीला घेऊन जायचं त्याच्या मनात होतं. वहिनीच्या मनात दुसरं होतं. पोहे खायला आमची माणसं कारंज्याला गेली तेव्हाच तिने दादाला सांगितलं होतं की मी गावात क्लास घेईन, पोरींना कॉम्प्युटर शिकवीन. अशा वेळी माणूस जसं ऐकतो तसं दादाने ते ऐकलं होतं, म्हणजे मान हलवली होती. लग्नानंतर तिने खरंच समोरची खोली मागितली तेव्हा तो चकित झाला. रागावला नाही, तो रागावणारा नव्हताच. म्हणाला, "क्लास चालू झाला तं राह्य इथं. नाई झाला तं चाल माह्यासंगं. तिकडं बी लय कंपन्या हायेत, काम भेटन." वहिनीने ते मान्य केलं. बाबांना तर खोली केव्हाच देऊन टाकावी असं झालं होतं. आपली सून रिठदमध्ये कॉम्प्युटर शिकवणार, हे त्यांनी वाशीमच्या बाजारापर्यंत सांगून ठेवलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच गावाची डीपी, म्हणजे वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. उन्हाळ्यात ती जळायचीच. कोणी विहिरीवर दोन मोटारी जादा लावायचा, एखादा ऊन फार होतं म्हणून कूलर सोडून बसायचा, आणि एका दुपारी आवाज होऊन गावाची लाइन जायची. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत वाट पाहायची. तेवढ्या दिवसांत वहिनीने कॉम्प्युटर जोडायला घेतला. सकाळचा स्वयंपाक आवरला की आम्ही दोघी समोरच्या खोलीत गोधडी अंथरून बसायचो. माझी बारावीची परीक्षा होऊन गेली होती, निकाल लागायचा होता, आणि पुढे माझं काय करायचं यावर घरात कोणी उघड बोलत नव्हतं. वहिनी कुठल्याही भागाला हात लावायच्या आधी खिडकीचा लोखंडी गज धरायची. मी विचारलं, "हे काहून करता वहिनी? पूजा हाये काय?" ती म्हणाली, "मान्साच्या अंगात बी थोडी लाइन असते. ते गजात सोडून द्याची, मंग याले हात लावाचा. याचा जीव नाजूक हाये." मग तिने मलाही गज धरायला लावला, आणि खोक्यातून काढलेला तो हिरवा चौकोनी मदरबोर्ड माझ्या दोन्ही हातांवर ठेवला. कोणी तान्हं बाळ आपल्या हातात देतं तेव्हा अंग कसं चोरून घ्यावंसं वाटतं, तसं मला झालं.

बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी लाइन आली. पंखा गरगरला आणि गावभर पोरांनी एकच ओरडा केला. वहिनीचं जोडून झालं होतं, कॅबिनेटचं झाकणही लागलं होतं, फक्त सुरू करून पाहिलेलं नव्हतं. तिने बाबांना सांगितलं, "मामाजी, आंधी मी एकटी चालू करून पाह्यते. मंग सांगा लोकायले." पण बाबा तोवर विहारात जाऊन सगळ्यांना सांगून आले होते. वंदना झाली, खीर झाली, आणि माणसं तशीच आमच्या अंगणात आली. बायकांना आत जागा केली, पुरुष दाराशी आणि खिडकीशी. गयाबाई अगदी पुढे, मांडी घालून. मॉनिटरला हार नको असं वहिनीने म्हटलं, तरी बाबांनी फुलं वाहिलीच. मग बाबा दोन शब्द बोलले, ते बरेच झाले, आणि वहिनीने बटण दाबलं.

आतला पंखा एकदा थरारला आणि थांबला. बस. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच, चाटून जाणाऱ्या पाखरासारखा एक थरकाप आणि मग काही नाही. पडदा काळाच. माणसं वाट पाहत राहिली. त्यांना वाटलं याला वेळ लागत असेल. वहिनीने मागची वायर पाहिली, दुसऱ्या खटक्यात लावून पाहिली, तिसऱ्यांदा बटण दाबलं, आणि तेव्हा दाराशी कोणीतरी हळूच म्हणालं, "नाई होत वाटते." खोलीतला तो क्षण मला अजून तसाच आठवतो. बाबांचा चेहरा उतरला आणि लगेच ते मोठ्याने म्हणाले, "अकोल्याच्या दुकानदारानं फसवलं! खराब माल देल्ला पोरीले." गर्दीतून लगेच त्याला दुजोरा मिळाला, शहरातले दुकानदार असेच, अमक्यालाही मोटार अशीच दिली होती. दादा बाहेर निघून गेला. वहिनी उठली. मला वाटलं, आता ही आत जाऊन रडणार. ती आत गेली खरी, पण खिरीचा गंज घेऊन बाहेर आली. ज्यांनी विहारात खाल्ली होती त्यांनाही पुन्हा वाढली, नावं माहीत नव्हती त्यांना नावं विचारून वाढली. "जोडलेलं पहिल्यांदा चालू नाई होत कधी कधी," एवढंच ती म्हणाली, "पाह्यते मी." एकवीस-बावीस वर्षांची मुलगी, सासरी येऊन पुरता महिना झाला नव्हता. पुढच्या आयुष्यात मी मोठमोठे लोक मोठमोठ्या नामुष्कीत पाहिले, पण हातातली पळी न हलू देता वाढत गेलेली वहिनी मला त्या सगळ्यांच्या वरची वाटते.

दुसऱ्या दिवशी अंगणात दादा तिला म्हणाला, "जाऊ दे आता. बांधून ठेव सारं. पुन्याले दाखवू कोनाले."

"कोनाले कायले? म्याच जोडला, मीच पाह्यते."

"अन् नाई सापडलं तं?"

"तुही सुट्टी हाये तवरक मले येळ देजो. मंग मी काईच नाई म्हननार. पेटी भरून येतो तुह्यासंगं."

दादाने मान हलवली, आणि यावेळी तो खरंच ऐकत होता असं मला वाटलं.

ती शोधायला बसली ते मी अगदी जवळून पाहिलं. आधी मला वाटलं होतं, ती सगळं एकदम उलगडून टाकेल, इकडचं तिकडे लावून पाहील, जसं रेडिओ बंद पडला की बाबा करत आणि शेवटी त्याला थापडा मारत. वहिनीने तसं काहीच केलं नाही. "एका येळी एकच गोठ बदलाची नंदा," ती म्हणाली. "दोन बदलल्या अन् चालू झाला, तं कायनं चालू झाला ते आपल्याले कधीच समजत नाई." आधी खटक्यात लाइन येते का ते टेबलफॅन लावून पाहिलं. येत होती. मग कॅबिनेटमधला वीज वाटून देणारा डबा, पावर सप्लाय, त्याची वायर मदरबोर्डवरून सोडवली. तो एकटा चालतो का ते पाहायला त्याच्या दोन भोकांत एक तार घालायची होती, एक हिरव्या वायरचं भोक, एक काळ्या. तार सापडेना. माय दारात उभी राहून पाहत होती. तिने अंबाड्यातला आकडा काढला आणि पुढे केला. "हे घे. पन मरू नको माय." वहिनी हसली, म्हणाली, "याच्यानं नाई मरत आत्याबाई, हे लहान लाइन हाये," आणि आकडा वाकवून त्यात घातला. पावर सप्लायचा पंखा भर्रकन फिरला आणि फिरतच राहिला. मायने आपल्या आकड्याकडे असं पाहिलं की जणू त्यानेच तो फिरवला.

म्हणजे तो डबा चांगला होता. मग तिने हार्डडिस्क सोडवली, फ्लॉपीचा भाग सोडवला, सीडीचा सोडवला. दरवेळी एकच काढायची, बटण दाबायची, पंखा थरारून थांबला की ते गोधडीवर एका बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "याचा दोष नाई." मला ते फार आवडायला लागलं. आमच्या गावात काही बिघडलं की दोष कोणाचा ते आधी ठरे आणि शोध नंतर लागे, कधी लागतही नसे. इथे एकेकाला ती निर्दोष सोडत होती. रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडेवरून माझ्या कंपासमधलं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, मळ झटकला, पुन्हा बसवली. तसंच. मधेच लाइन जायची. मग आम्ही जेवून घ्यायचो, कुरडया पालटायचो, आणि लाइन आली की पुन्हा खोलीत. टिनं तापलेली, घाम हनुवटीवरून गळायचा, तो भागांवर पडू नये म्हणून तिने कपाळाला दादाचा रुमाल बांधला होता. गयाबाई दारातून डोकावून गेली. "लागला काय पत्ता?" "आजून नाई मावशी. कायचा दोष नाई हे समजून राह्यलं." गयाबाईला ते उत्तर कळलं नाही, पण ती गेली ते विचार करत.

एका दुपारी मात्र वहिनी खचली. आता मदरबोर्ड आणि प्रोसेसर एवढेच राहिले होते, आणि त्यांतलं काही जळालं असेल तर नवं आणणं आमच्या कोणाच्या आवाक्यात नव्हतं. ती हापशीवर गेली आणि किती तरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिली. मी दांडा हापसत होते. "मले वाटते प्रोसेसर गेला," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच पातळ झालेला मी ऐकला. मग तीच ओल्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहून म्हणाली, "पन हे मले वाटून राह्यलं. दिसलं नाई आजून. वाटते ते येगळं अन् दिसते ते येगळं." पदराने तोंड पुसलं आणि ती घराकडे चालू लागली. पुढे मी वाशीमला रक्त तपासण्याच्या कामाला लागले. आता माझे केस पिकलेत आणि सूक्ष्मदर्शकात पाहताना चष्मा काढावा लागतो. रिपोर्टावर काही लिहायच्या आधी तिचं ते हापशीवरचं बोलणं मनात येतं, आणि कितीदा तरी मी काच पुन्हा लावून पाहिली आहे.

त्या दुपारी तिने मदरबोर्डच कॅबिनेटमधून बाहेर काढायचा ठरवला. पाटावर एका खोक्याचा कोरडा पुठ्ठा ठेवला, त्यावर तो हिरवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमची एक पट्टी त्यावर तशीच, शेजारी पावर सप्लाय आणि एक चिमुकला स्पीकर. मॉनिटरची वायर लावली. बटण तर कॅबिनेटवर राहिलं होतं. तिने स्क्रू फिरवायचा पेचकस घेतला आणि बोर्डावरच्या दोन बारीक टोकांना त्याच्या पात्याने एकदम स्पर्श केला, एवढुसा.

पंखा फिरला. तो थांबेल म्हणून वाट पाहिली, तो थांबला नाही. मग त्या चिमुकल्या स्पीकरमधून एकच आवाज आला, टुक. आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, एकाखाली एक, झरझर. मला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं, पण तेव्हा एक शब्दही वाचता आला नाही. मी ओरडलेच. माय पिठाचे हात घेऊन धावत आली. "जिता हाये!" मी तिला सांगितलं. "माय, पाह्य, जिता हाये!"

वहिनीने मात्र हात वर करून मला थांबवलं. तिचे डोळे चमकत होते, पण ती हलली नव्हती. "थांब. पाटावर चालते अन् डब्यात नाई चालत. मंग दोष डब्यात हाये." तिने सगळं बंद केलं, बोर्ड उचलला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. खालच्या बाजूला कथलाच्या ठिपक्यांचं रान होतं. त्यात एका जागी, नखाएवढ्या, ठिपके घासल्यासारखे चकाकत होते. मग तिने रिकामं कॅबिनेट पुढे ओढलं. त्याच्या आतल्या पत्र्यावर लहान लहान पितळी खुंट्या होत्या. बोर्ड पत्र्याला लागू नये म्हणून त्या खुंट्यांवर तो ठेवतात आणि वरून स्क्रू आवळतात. जिथे बोर्डाला भोक, तिथेच खाली खुंटी. तिने बोर्ड त्यांच्यावर धरला आणि एकेक भोक जुळवत गेली. एका खुंटीवर भोक नव्हतंच. ती खुंटी थेट त्या चकाकणाऱ्या ठिपक्यांना भिडत होती, तिथून वीज भलतीकडे जायची, आणि पावर सप्लाय स्वतःला वाचवायला लगेच बंद पडायचा.

वहिनी खुंटीकडे पाहत बसली. "टायपिंगच्या दुकानातला बोर्ड याच्याहून मोठा होता," ती हळू म्हणाली. "त्याले तिथं भोक असते. हात त्याच सवयीनं चालला. म्याच लावली हे." मग चिमटीने ती खुंटी फिरवून काढली, तळहातावर घेतली आणि खदखदून हसायला लागली. इतकी हसली की मायला वाटलं ऊन लागलं. संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा कॅबिनेटमध्ये बसलं, एकेक करून, दरवेळी सुरू करून पाहत. झाकण लागलं, बटण दाबलं, टुक, आणि अक्षरं.

बाबा शेतातून आले ते चपला न काढता खोलीत शिरले. त्यांना इतका आनंद झाला की काय करावं कळेना. कॉम्प्युटरवर हात फिरवला, मग गज धरला, मग पुन्हा हात फिरवला. म्हणाले, "उद्या साऱ्याइले सांगतो. दुकानदाराले तंबी देल्ली, त्यानं पार्ट बदलून देल्ला, असं सांगतो." त्यात त्यांचं वाईट मन नव्हतं. नव्या सुनेचा चारचौघांत मान राहावा एवढंच होतं, आणि गावाने ती गोष्ट मानूनच टाकली होती. काही करायचीही गरज नव्हती, फक्त गप्प राहायचं होतं. वहिनी म्हणाली, "नाई मामाजी. त्या मान्सानं माल चांगला देल्ता. चूक माही होती."

"अवं, पन तुह्यापाशी पोट्ट्या शिकाले याच्या हायेत. मास्तरीनच चुकली म्हनतीन लोक."

"म्हनू द्या. चुकलीच हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी हापशीवर बायांची गर्दी असताना तिने ते सांगितलं. कळशी खाली ठेवून, गयाबाईने विचारल्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चालू झाला मावशी. दुकानदाराचा दोष नव्हता. म्या एक खुंटी जास्तीची लावली होती, तिच्यानं बंद पडत होता. काढली, चालू झाला." क्षणभर हापशीचा दांडाही थांबला. दोघीचौघी फिसकन हसल्या. एकीने तिथल्या तिथे सांगून टाकलं की आमची पोरगी नाही येणार, आमी वाशीमलेच पाहू. मला त्या बाईचा भयंकर राग आला, आणि थोडासा वहिनीचाही, कशाला सांगायचं होतं. गयाबाई मात्र कमरेवर हात ठेवून वहिनीकडे पाहत राहिली. "आवो, माह्या नवऱ्याले मोटर जोडता येत नाई, दरसाल जाळते, अन् दरसाल मेस्त्रीले शिव्या देते," ती म्हणाली. "सोताच्या तोंडानं इतकं कोन सांगते बापा? माह्या दोनी पोट्ट्या धाडतो मी." आणि गयाबाईने धाडल्या म्हणून मग इतरांनी धाडल्या.

दादाने काय ठरवलं, ते त्याने तोंडाने कधी सांगितलं नाही. त्या सकाळी तो उठला आणि घराच्या मागे खड्डा खणू लागला. कोळसा आणि मीठ थरावर थर टाकून त्याने तांब्याची पट्टी पुरली, वायर समोरच्या खोलीत आणली, नवा स्विचबोर्ड भिंतीवर ठोकला आणि म्हणाला, "आता याले अर्थिंग हाये. पोट्ट्यायले झटका नाई लागाचा." कंपनीत शिकलेलं काम तो आमच्या घरात पहिल्यांदाच करत होता. वहिनी दारात उभी राहून पाहत होती. सुट्टी संपली तसा तो एसटीने एकटाच गेला. बस वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत वहिनी थांबली, आणि परत येताना वाटेत रडली, माझ्या खांद्याला धरून. तेवढं एकदाच. पुढच्या वर्षी दादा पुण्याहून कायमचा परत आला, पण ती वेगळी हकीकत आहे, आणि ती सांगायचा हक्क त्या दोघांचा.

क्लासचा पहिला दिवस मात्र माझा. सतरंजीवर पोरी बसल्या होत्या, वेण्या घालून, काहींनी नवे कपडे घातलेले. गयाबाईच्या दोघी अगदी पुढे, आईसारख्याच मांडी घालून. सगळ्या पडद्याकडे पाहत होत्या, आता चित्र येईल, गाणं लागेल. वहिनीने पोरींना एकेक करून खिडकीचा गज धरायला लावला, आणि मग कॉम्प्युटरची वायर खटक्यातून काढली. पेचकस गयाबाईच्या थोरलीच्या हातात दिला. "आज चालू नाई कराचा," ती म्हणाली. "आज खोलाचा. आतमंधी काय काय हाये ते पाह्याचं, अन् सारं पुन्हा लावाचं." पोरींनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग पुढे सरकल्या. थोड्याच वेळात सगळी डोकी एकत्र आली, स्क्रू वाटीत पडू लागले, आणि कोणाचा हात आधी लागणार यावरून भांडणं सुरू झाली. मी त्यांच्यात बसले होते, माझा नंबर कधी येतो याची वाट पाहत.

माय उंबऱ्यापाशी सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. रस्त्याने जाणारी एक बाई, डोक्यावर चाऱ्याचा भारा, थबकली आणि आत वाकून पाहू लागली. गोधडीवर सगळे भाग सुटे सुटे मांडलेले तिला दिसले असावेत. "काहून वो माय," ती हळहळून म्हणाली, "पुन्हा बंद पडला काय?"

मायने मान वर केली नाही. सुपातला खडा वेचून बाहेर फेकला आणि म्हणाली, "बंद कायले पडन? माही सून शिकवून राह्यली."